सरबत मिळालं की समजायचं

सपोर्टच्या माणसाकडे दोन गोष्टी न मागता साठत जातात. जुन्या केबली आणि किस्से. केबली निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? म्हणून चार मित्र जमले की मी सांगत बसतो आणि ते पोट धरून हसतात. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. इंटरव्ह्यूच्या किस्स्यात तोंडघशी पडतो तो उमेदवार, असा जगाचा रिवाज आहे. माझ्या किस्स्यांत मी परीक्षकाच्या खुर्चीत ऐटीत बसलेला असतो, आणि पडतो मीच!

ओळख करून देतो. उरणजवळ खाडीला लागून आमचं कंटेनर यार्ड आहे. बंदरातून आलेले कंटेनर आमच्याकडे उतरतात, काट्यावर वजन होतं, मग ट्रेलरवर चढून पुढे जातात. मी तिथला आयटी सपोर्ट. प्रिंटर रुसला, नेट गेलं, काट्याचा आकडा स्क्रीनवर येईना, की हाक एकच, "घरतांना बोलवा!" आमचं मिठागर यार्डासाठी गेलं तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली, त्यातली ही. लागलो तो ऑफिसात हेल्पर म्हणून. बघून बघून शिकलो. सर्टिफिकेट वगैरे काही नाही, पण गावात 'कॉम्प्युटरवाले घरत' अशी ओळख आहे, आणि ती मला फार आवडते. खोटं कशाला बोलू?

माझ्या हाताखाली असिस्टंट टिकत नाही. जरा शिकला की नवी मुंबईत उडून जातो. मग पुन्हा जाहिरात, पुन्हा इंटरव्ह्यू, आणि उमेदवारांची प्रॅक्टिकल घ्यायला मी. सोबत एचआरच्या जोगळेकर मॅडम. मॅडम दिवेआगरच्या, घरची नारळ-सुपारीची वाडी. बोलणं स्वच्छ आणि सरळ, समोरच्याला लागलं तरी सरळच.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका बड्या कंपनीनं यार्ड घेतलं आणि फर्मान निघालं. जुन्या सपोर्टवाल्यांनीसुद्धा नव्या उमेदवारांसारखीच प्रॅक्टिकल द्यायची! पास झाला तर खुर्ची शाबूत. नापास झाला तर गेटवर बदली. गेटवर म्हणजे दिवसभर उन्हात ट्रेलरची सीलं तपासायची, आणि ओळखीचा प्रत्येक ड्रायव्हर काच खाली करून विचारणार, "काय घरत, कॉम्प्युटर सुटला काय?"

नोकरी जाणार नव्हती. पण हा प्रश्न मला झोपेतसुद्धा ऐकू यायला लागला. त्या परीक्षेचं काय झालं ते सांगतोच, पण आधी सरबताचं सांगायला हवं. त्याशिवाय त्यातली गंमत कळणार नाही. गंमत म्हणजे तुमची. माझी नाही.

*

मी घेतलेली पहिली प्रॅक्टिकल. उमेदवार कोण, तर रुपेश. माझ्या बायकोचा चुलत भाऊ! मॅडमना मी आधीच सांगून टाकलं, नातेवाईक आहे, पण सूट मिळणार नाही. मॅडम म्हणाल्या, "बघूया."

मी टेस्टच्या पीसीची नेटची केबल मागून अर्धवट उपसून ठेवली होती. नेट का चालत नाही ते शोधायचं, एवढाच प्रश्न. रुपेश बसला. स्क्रीनकडे बघितलं. माऊस इकडे नेला, तिकडे नेला. घाम पुसला. मग त्याची नजर मॉनिटरवरच्या लेबलाकडे गेली. मला लेबलं चिकटवायची भारी हौस. यार्डातल्या प्रत्येक पीसीवर मी एक लावलंय, 'अडचण आल्यास सपोर्टला फोन करा', खाली माझा नंबर.

त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि नंबर लावला. माझा फोन वाजला. समोर बसूनच!

आता सवय बघा. फोन वाजला की मी उचलतो. उचलला. तो म्हणाला, "हॅलो सपोर्ट? नेट नाय चालत."

मी म्हणालो, "मागची केबल बघा, नीट बसलीय का."

त्यानं केबल दाबली. नेट चालू. "झाला, भावजी!" असं ओरडून त्यानं दोन्ही हात वर केले.

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "उमेदवारानं तक्रार केली, सपोर्टनं सोडवली. अभिनंदन घरत, तुम्ही पास झालात."

आता ह्याला तोंडावर नापास कसं सांगायचं? ह्याच्या आईनं मला लग्नात स्वतःच्या हातानं वाढलेलं. माझी जीभ काही उचलेना. वेळ काढायला म्हणून मी पॅन्ट्रीतल्या काशिनाथमामांना चहा आणायला सांगितला. दूध फाटलेलं होतं. मामांनी कोकम सरबत आणलं. रुपेश खुशीत सरबत प्यायला, खुशीत घरी गेला, आणि नापासाचा मेसेज त्याला घरी पोचल्यावर मिळाला.

मला एकदम हलकं वाटलं. तोंडावर बोलावं लागलं नाही! पुढच्या वेळी दूध चांगलं होतं, तरी मी मामांना मुद्दाम म्हणालो, "सरबत आणा."

*

असा रिवाज पडला. पास झालेल्याला चहा, नापासाला सरबत. आत नुसतं "मामा, सरबत" म्हटलं की मॅडमना कळायचं, मामांना कळायचं. उमेदवाराला कळायचं नाही, हीच तर सोय! मॅडमना हे कधी पटलं नाही. "घरत, माणसाला नाही म्हणायला शिका. सरबतामागे लपू नका," त्या म्हणायच्या. मी मान डोलवायचो आणि पुढच्या खेपेला पुन्हा सरबत मागवायचो.

पण आमच्या पंचक्रोशीत गुपित किती टिकणार? हळूहळू गावागावात कळलं. मग लोक नापास झाला असं म्हणेनातच. "म्हात्र्यांच्या पोराचा काय झाला?" "सरबत मिलला." संपला विषय! दहावीचा निकाल लागला तेव्हासुद्धा कुणीतरी नाक्यावर म्हणालं, "गणितात सरबत मिलला." माझ्याकडे बघून म्हणालं.

एक उमेदवार तर ट्रे समोर आल्यावर वाटाघाटीलाच बसला. "सर, मना सरबत नको. मना गोड वर्ज्य हाय. चहा द्या."

मामा बिचारे गडबडले. "चहात पन साकर असते," म्हणाले.

"मंग बिनसाकरेचा द्या! पन चहाच द्या!"

मी खिडकीबाहेर कंटेनर मोजायला लागलो. मॅडम खाली मान घालून पेनाचं टोपण उघडत होत्या, लावत होत्या. शेवटी तो उठला, सरबताला हात न लावता गेला, आणि दारातून मामांना म्हणाला, "मी पियालो नाय. ध्यानात ठेवा." बाहेर जाऊन त्यानं सांगितलं की आपला निकाल राखून ठेवलाय.

*

पुढचं तर विचारू नका. लोकांचा समज झाला की निकाल काशिनाथमामांच्या हातात असतो! ट्रे तेच आणतात ना!

एक बाई करंजा गावाहून लेकाला घेऊन आल्या. मला नमस्कारसुद्धा केला नाही. सरळ पॅन्ट्रीत गेल्या आणि मामांच्या पुढ्यात सुक्या सोड्यांची, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीची, पिशवी ठेवली. "मामा, माझ्या पोराला बघा."

मामांना वाटलं, पोर आजारी आहे. "काय झालाय त्याला?"

"अजून काय नाय झाला. तुमी बघितला तर चांगला व्हईल."

पोराची प्रॅक्टिकल माझ्याकडे झाली. साधा पासवर्ड बदलताना त्यानं स्वतःला बाहेर आणि मला पण बाहेर लॉक करून टाकलं. सरबत! आणि ते आणायला मामाच. ट्रे घेऊन आले तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. मामांच्या हातातला ग्लास बघून त्यांनी जो चेहरा केला, तो मामांना सहन झाला नाही. संध्याकाळी सोड्यांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "घरत, ह्ये तुमी न्या. सरबत तुमचा, शिव्या मी खातोय."

मी पिशवी घरी नेली नाही. बसस्टॉप गाठून बाईंना परत दिली. त्या म्हणाल्या, "तुमी कोन?"

*

लेबलांच्या हौसेचाही एक किस्सा आहे. काट्याजवळच्या पीसीला कोणीही येता-जाता बंद करायचं आणि बाहेर ट्रेलर अडकायचे. वैतागून मी लेबल छापलं, 'हा पीसी बंद करू नये. आदेशावरून.' खाली माझी सही. आणि एकदा छापलंच आहे तर सगळ्याच पीसींवर लावून टाकलं. टेस्टच्या पीसीवरसुद्धा.

त्या खेपेला मी प्रश्न अगदी सोपा ठेवला होता. पीसी अडकलाय, काय कराल? बंद करून चालू करायचा, बस! शाळेतलं पोर करेल. पण एकामागून एक उमेदवार येतो, बटणाजवळ हात नेतो, लेबल वाचतो, हात मागे घेतो. मग स्क्रीनकडे बघत बसतो. सगळेच्या सगळे नापास! मामांना सरबत पुरेना, त्यांनी पाणी वाढवलं.

शेवटच्याला मी चिडून विचारलं, "अरे, साधा रिस्टार्ट सुचत नाही?"

तो म्हणाला, "सुचला व्हता सर. पन खाली तुमची सही हाय."

मॅडम उठल्या, लेबल वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सगळे आज्ञाधारक आहेत. असिस्टंट नको असेल तर आपण ह्यांना लष्करात पाठवू." मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. सगळ्यांना पुन्हा बोलवावं लागलं, आणि अर्धे आलेच नाहीत. एकदा सरबत प्यायल्यावर कोण येतं?

*

आता दर्शनाचं. हे मित्रांना सांगताना मी भरभर सांगतो. इथे तसं करता येणार नाही.

दर्शना आमच्याच आळीतली. डिप्लोमा केलेली, अभ्यासू, मला काका म्हणणारी. तिच्या प्रॅक्टिकलच्या सकाळी स्टोअरच्या टेबलावर दोन काळे पीसी शेजारी शेजारी होते. एक टेस्टचा. दुसरा काट्याचा, सर्व्हिसिंगला आलेला. मी घाईघाईत एकाच्या नेटवर्कची सेटिंग बिघडवून ठेवली. काट्यावरचा माणूस येऊन आपला पीसी घेऊन गेला. मी टेस्टचा उचलून खोलीत मांडला आणि दर्शनाला म्हणालो, "ह्यात एक बिघाड आहे. शोध."

तिनं शोधलं. केबल बघितली, सेटिंग बघितली, सगळं एकदा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून बघितलं. घाई नाही, गडबड नाही. मी आपला मिशीत हसतोय. दिलेला वेळ संपला तेव्हा ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, ह्याच्यात बिघाड नाही."

मी म्हणालो, "नक्की?"

"नक्की."

मी दाराकडे बघून हाक मारली, "मामा, सरबत!"

ती आळीतली. तिला सरबत कळत होतं. तिनं ग्लास घेतला, सगळा प्यायली, थँक्यू म्हणाली आणि गेली. ती फाटकापर्यंत पोचली नसेल, तेवढ्यात काट्यावरून फोन. वजन येत नाही! ट्रेलरची रांग रस्त्यावर गेलेली, ड्रायव्हर लोक हॉर्नवर हात ठेवून बसलेले. मी धावत गेलो. काट्याच्या पीसीपाशी वाकलो आणि मला माझीच बिघडवलेली सेटिंग दिसली.

बिघाड इथे होता. तिच्या पीसीत खरंच काही नव्हतं!

मॅडमना सांगितलं. त्यांनी तेव्हा टोमणा मारला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. त्या म्हणाल्या, "बोलवा तिला परत." पण वरच्या ऑफिसनं तेवढ्यात त्या जागेवर स्वतःचा माणूस पाठवून दिला. शेवटी मी तिच्या घरी गेलो. ओटीवर तिचे वडील, आई, ती. मी सगळं सांगितलं, लेकीचं उत्तर बरोबर होतं, चूक माझी. तिचे वडील म्हणाले, "पन आता गावात झाला ना. कोना-कोनाला सांगनार?"

दर्शना एवढंच म्हणाली, "जाऊ दे काका. सरबत चांगला व्हता."

आता ती उरणच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसते. समोरून जाताना मी पलीकडचा फुटपाथ पकडतो. एकदा माझाच मोबाईल बिघडला, तर मी तो पनवेलला जाऊन दुरुस्त करून आणला!

*

उलटं झालेलंही सांगतो. सध्याचा माझा असिस्टंट अमन. तो इथे कसा लागला?

सपोर्टवाल्याला चिडलेल्या माणसाशी फोनवर बोलता यायला हवं. म्हणून त्याची टेस्ट मी फोनवर घेतली. मी स्टोअर रूममधून इंटरकॉमवर चिडलेला ग्राहक, तो खोलीत सपोर्ट. मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. मी जीव तोडून अभिनय केला. "सकालपासना प्रिंटर बंद हाय! काय झोपलाव काय तुमी?" तो आपला थंड, "सर, आप टेन्शन मत लो, मैं देखता हूँ. एक मिनट होल्ड पे रखता हूँ." आणि होल्डचं संगीत सुरू झालं.

मी ऐकत बसलो. वाटलं, पोरगा विचार करतोय. चांगलं आहे. ऐकतोय, ऐकतोय. संगीत संपून पुन्हा सुरू होतंय. स्टोअरमध्ये सामान न्यायला येणारा जाणारा माझ्याकडे बघतोय. मी भिंतीला टेकून कानाला फोन लावून उभा! अखेर काशिनाथमामाच आले. "घरत, कोनाशी बोलता?"

"उमेदवाराशी. होल्डवर आहे."

"तो पोरगा कवाच गेला! चहा पिऊन गेला."

"चहा? चहा कुणी दिला?"

"मी दिला. हसत हसत भायेर आला. मना वाटला पास झाला."

झालं! होल्डवर ठेवलं की परीक्षा संपली अशी त्याची समजूत, आणि वर चहा मिळालेला. सोमवारी अमन पेढ्यांचा बॉक्स घेऊन जॉईन व्हायला हजर. त्यानं फाटकापासून पॅन्ट्रीपर्यंत पेढे वाटले. मी मॅडमकडे पळत गेलो. त्यांनी विचारलं, "चहा प्यायला ना? सगळ्या यार्डानं बघितलं ना? मग आता जाऊन त्याला नाही म्हणा. तोंडावर."

मी गेलो. त्यानं वाकून नमस्कार केला आणि माझ्या तोंडात पेढा घातला.

अजून आहे तो. चांगलं काम करतो. होल्डवर मात्र मी त्याला कोणाला ठेवू देत नाही.

*

तर आता माझी परीक्षा.

महिनाभर अमननं मला शिकवलं. जे काम मी रोज करतो त्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते मी ह्या वयात पाठ करत होतो. घरी सुरेखा, म्हणजे बायको, मोबाईल ओट्यावर टेकवून प्रश्न विचारायची, आणि मी चुकलो की पोळी लाटता लाटता म्हणायची, "अवो, ह्ये तर मना पन पाठ झाला!" आळीत सगळ्यांना तारीख माहीत. ज्यांना ज्यांना मी सरबत पाजलं होतं त्यांनाही माहीत.

परीक्षा घ्यायला पुण्याहून एक मॅडम आल्या, वयानं माझ्या पुतणीएवढ्या. नम्र. हसून बोलणाऱ्या. खोली तीच, टेबल तेच. फक्त मी आज पलीकडच्या खुर्चीत. ती खुर्ची एवढी डुगडुगते हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं!

त्या म्हणाल्या, "प्रिंटर छापत नाहीये. बघा काय झालंय."

मी बसल्या बसल्या पीसी उघडला, रॅम काढली आणि खिशातून खोडरबर काढलं. आमच्याकडे खाऱ्या हवेनं सगळे जोड खराब होतात. काहीही बिघडलं की आधी रॅम काढून खोडरबरानं घासायची, ही आमच्या यार्डाची रीत.

पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, "सर, प्रिंटरसाठी खोडरबर?"

काचेपलीकडे अमननं कपाळावर हात मारला. मी रॅम परत बसवली. केबल बघितली. सेटिंग बघितली. सगळं ठीक, आणि कागद काही बाहेर येईना. घाम सुटला. रुपेश आठवला. मॉनिटरवरच्या माझ्याच नंबरकडे नजर गेली, देवाशप्पथ! आता फक्त बंद करून चालू करायचं राहिलं होतं. बटणाजवळ हात नेला. तिथे लेबल, काढायचं राहूनच गेलेलं. 'हा पीसी बंद करू नये. आदेशावरून.' खाली माझी सही.

आणि माझा हात थांबला! मी लिहिलेलं, मी चिकटवलेलं, आणि मीच थांबलो. पुण्याच्या मॅडम घड्याळाकडे बघतायत, जोगळेकर मॅडम छताकडे बघतायत, अमन काचेपलीकडे रिस्टार्टच्या खुणा करून नाचतोय. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी मी नखानं लेबल टराटरा ओढून काढलं आणि बटण दाबलं. पीसी चालू झाला. प्रिंटरमधून कागद बाहेर आला.

पुण्याच्या मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. चेहऱ्यावरून काही कळेना. "रिझल्ट संध्याकाळी मेलवर येईल," म्हणाल्या. मग पदरानं वारा घेत सहज म्हणाल्या, "किती उकडतंय इथे! तुमच्याकडे कोकम सरबत छान मिळतं ना? सगळ्यांसाठी मागवूया?"

जोगळेकर मॅडम पेनाचं टोपण उघडायला, लावायला लागल्या. पाहुणीला काय सांगणार?

काशिनाथमामा ट्रे घेऊन आले. माझ्यासमोर ग्लास ठेवताना त्यांच्याकडून थोडं टेबलावर सांडलं. "घरत," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर गेले. काचेपलीकडे अख्खं ऑफिस उभं. मला नको म्हणता आलं असतं. पण मी नाही म्हणणारा असतो, तर हा रिवाजच पडला नसता. प्यायलो. सगळा ग्लास प्यायलो.

मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. आळीत शिरलो तसे लोक बाजूला सरकून मला वाट द्यायला लागले. ओटीवर चपलांचा ढीग. आत बघतो तर सगळे माझेच लोक! रुपेश. गोड वर्ज्य असलेला. लेबलाला भिणारे दोघे. करंज्याच्या बाई लेकाला घेऊन. आणि दर्शना, तिचे आईवडील. सुरेखा कोपऱ्यात तोंडाला पदर लावून.

मी म्हणालो, "अरे, अजून निकाल..."

"असू दे भावजी," रुपेशनं मला हाताला धरून बसवलं. "पयल्या दिवशी लय लागते. मंग काय नाय. मी गेलो ना त्यातून."

गोड वर्ज्य असलेला म्हणाला, "गेटवर हवा तरी मिलते."

करंज्याच्या बाई पुढे आल्या. "आता वलखला मी तुमाला," म्हणाल्या, आणि तीच ती सोड्यांची असावी अशी एक पिशवी त्यांनी सुरेखाच्या हातात दिली. कुणी हसलं नाही. कुणी टोमणा मारला नाही. मी वाट बघत होतो, निदान एकानं तरी मारावा. सगळे खरंच माझ्यासाठी आले होते. मान वर करायची सोय नव्हती.

सुरेखा चहा टाकायला उठली. दर्शनानं तिला थांबवलं. "आज चहा नको, काकी." तिनं घरून कळशीभर सरबत करून आणलं होतं. सगळ्यांच्या हातात एकेक पेला दिला आणि शेवटचा माझ्यासमोर धरला.

"काका, मी पन प्यायलेली," ती म्हणाली. "त्यानं माणूस कमी नाही होत."

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. कंपनीचा मेल. मी वाचला. पहिलीच ओळ अभिनंदनाची होती.

वर बघितलं. सगळे पेले हातात धरून थांबले होते. माझ्याआधी कुणी प्यायला नव्हता.

"कुनाचा हाय?" रुपेशनं हळूच विचारलं.

"कंपनीचा," मी म्हणालो आणि मोबाईल पालथा ठेवला.

कोणी पुढे विचारलं नाही. करंज्याच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी पेला उचलला तसे सगळे प्यायले.

दर्शनानं कळशी कलती केली. "अजून घेता काका?"

मी पेला पुढे केला.